रोत तित : बँकॉकमध्ये रथ का अडकतो आणि आपण कसं सुटायचं

थाई लोक वाहतूक कोंडीला 'रोत तित' म्हणतात. 'रोत' म्हणजे गाडी. हा शब्द आपल्या 'रथ'वरूनच तिकडे गेलेला आहे. 'तित' म्हणजे चिकटलेलं, अडकलेलं. थोडक्यात, रथ अडकला. बँकॉकमध्ये दोन दिवस काढले की हे दोन शब्द शिकवावे लागत नाहीत, फोनवर बोलणारा प्रत्येक माणूस तेच सांगत असतो.

पहिल्या खेपेला आईला घेऊन गेलो होतो. मुक्काम प्रातुनाममध्ये होता. मुंबई-पुण्याहून जाणारे बरेच जण तिथेच उतरतात, कारण कपड्यांचा घाऊक बाजार जवळ आणि भारतीय जेवणही मिळतं. संध्याकाळी साडेपाचला नदीवर जायचं म्हणून टॅक्सीत बसलो. नकाशावर जेमतेम सहा किलोमीटर. पोचायला सव्वा तास लागला, आणि तोवर नदीवरची आमची बोट निघून गेली होती. आईने बिचारीने तक्रार केली नाही, पण मला फार वाईट वाटलं. तीच वाट खांबांवरून धावणाऱ्या स्कायट्रेनने पाऊण तासाच्या आत झाली असती, स्टेशनपर्यंतचं चालणं धरूनसुद्धा. फरक एवढाच, की हे शहर कसं बनलं आहे ते मला तेव्हा कळलेलं नव्हतं.

ते कळलं की बाकीचं सोपं जातं, म्हणून आधी तेच.

बँकॉक १७८२ मध्ये थायलंडच्या पहिल्या राम राजाने चाओ फ्राया नदीच्या पूर्व काठावर वसवलं तेव्हा ते पाण्याचं शहर होतं. ये-जा नदीतून आणि कालव्यांतून व्हायची. घरांची तोंडं पाण्याकडे, बाजार पाण्यावर. कालव्याला थाईमध्ये 'ख्लोंग' म्हणतात. आजच्या अर्थाने पहिला म्हणावा असा रस्ता, चारोन क्रुंग, थेट १८६० च्या दशकात झाला. पुढच्या शंभर वर्षांत मोटारी आल्या आणि एकामागून एक ख्लोंग बुजवून त्यांवर रस्ते टाकले गेले. पण आतल्या जमिनीची आखणी तशीच राहिली. भाताची शेतं आणि फळबागा कालव्याला काटकोनात, लांबच लांब पट्ट्यांमध्ये होत्या. पट्टा विकला गेला की मालकाने मधून एक गल्ली काढायची आणि दोन्ही बाजूंनी घरं बांधायची. शेजारच्या मालकाने आपल्या पट्ट्यात आपली गल्ली काढायची. या गल्लीला म्हणतात 'सोई'.

दोन सोई एकमेकींना जोडायच्या हे कुणाचंच काम नव्हतं. म्हणून असंख्य सोई आत जातात आणि भिंतीशी संपतात. पुण्याच्या पेठांत मुख्य रस्ता तुंबला तर माणूस बोळाबोळातून बाहेर पडतो. इथे तो मार्गच नाही. शंभर सोईंमधली सगळी वाहनं शेवटी एकाच मोठ्या रस्त्यावर ओतली जातात, आणि तो रस्ता तुंबतो. ड्रायव्हर कितीही हुशार असला तरी त्याच्या हातात काही राहत नाही.

म्हणून बँकॉकमध्ये किलोमीटर मोजण्यात अर्थ नाही. तीन थर डोक्यात ठेवावेत: रस्त्याच्या वरची आणि खालची गाडी, पाण्यावरची बोट, आणि मधला रस्ता. पहिल्या दोन थरांना रोत तित होत नाही. रस्ता वापरायचा तो शेवटच्या एक-दोन किलोमीटरपुरता, नाहीतर पहाटे आणि रात्री उशिरा.

आता गाड्यांचं. रस्त्याच्या डोक्यावरून खांबांवर धावते ती बीटीएस, सगळे तिला स्कायट्रेन म्हणतात. ती ५ डिसेंबर १९९९ ला सुरू झाली. तिच्या दोन मुख्य मार्गिका आहेत, सुखुमवित आणि सीलोम, आणि दोन्ही सियाम स्टेशनवर भेटतात. सियामची रचना मला फार आवडते. तिथे दोन मजले आहेत. एका मजल्यावर एका अंगाला जाणाऱ्या दोन्ही मार्गिकांच्या गाड्या फलाटाच्या दोन बाजूंना लागतात, दुसऱ्या मजल्यावर उलट अंगाच्या. त्यामुळे बहुतेकांना जिना चढावाच लागत नाही. उतरायचं, आठ-दहा पावलं चालायचं, समोरच्या गाडीत शिरायचं. आईच्या गुडघ्यांनी या स्टेशनाला मनापासून आशीर्वाद दिले.

दुसरी एमआरटी. तिची निळी मार्गिका २००४ मध्ये सुरू झाली, आधी फक्त भुयारी होती. पुढे वाढत वाढत २०२० पर्यंत तिने शहराभोवती एक वर्तुळ पूर्ण केलं आणि एक शेपूटही काढलं. वर्तुळ आणि शेपूट जिथे जुळतात ते था फ्रा स्टेशन. तिथे मात्र गाडीवरचं शेवटचं स्टेशन वाचूनच चढा, नाहीतर भलतीकडे जाल. पर्यटकांच्या दृष्टीने २०१९ मध्ये झालेला वाढीव भाग सोन्यासारखा आहे. वाट मांगकोन (थाईमध्ये 'वाट' म्हणजे मंदिर) स्टेशनवर उतरलात की तुम्ही चायनाटाउनच्या मधोमध. साम योतला उतरलात की फाहुरात, म्हणजे भारतीय कापडवाल्यांची पेठ आणि गुरुद्वारा. सनाम चायला उतरलात की वाट फो हाकेच्या अंतरावर आणि राजवाडा पायी जाण्याजोगा. त्याआधी राजवाड्याला जवळची गाडीच नव्हती. जुने प्रवासवृत्तान्त वाचून जाणारे अजूनही टॅक्सीत अडकतात ते त्यामुळेच.

भुयारी स्टेशनात शिरताना एक गंमत लक्षात येते. खाली जाण्याआधी चार पायऱ्या वर चढाव्या लागतात. आईने विचारलंच, "खाली जायचं तर वर कशाला?" पुराचं पाणी आत येऊ नये म्हणून दाराशीच तो उंच उंबरठा बांधलेला आहे. शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम वर आहे, हे त्या पायऱ्या रोज सांगत असतात.

तिकिटांमध्ये मात्र नवखा माणूस हमखास गोंधळतो. आपल्याला वाटतं मेट्रो म्हणजे एकच. तसं नाही. स्कायट्रेन, एमआरटी आणि विमानतळाची गाडी यांचा कारभार वेगवेगळा, स्टेशनं वेगळी, तिकिटंही वेगळी. एकीतून दुसरीत जाताना दाराबाहेर पडायचं, थोडं चालायचं, नवीन तिकीट काढायचं. आणि एकाच जागेच्या दोन स्टेशनांना नावंही दोन. स्कायट्रेनचं असोक, तेच एमआरटीचं सुखुमवित. साला देंगखाली सी लोम. मो चितखाली चातुचाक पार्क. नकाशात ही जोड्यांची नावं बघून ठेवलीत तर निम्मं काम झालं.

स्कायट्रेनचं रॅबिट कार्ड मिळतं, ते घेताना पासपोर्ट दाखवावा लागतो, आणि ते एमआरटीच्या निळ्या मार्गिकेच्या दाराला चालत नाही. एमआरटीला उलट तुमचं नेहमीचं व्हिसा किंवा मास्टरकार्डचं टॅप होणारं कार्ड थेट चालतं. निघण्यापूर्वी बँकेकडून परदेशी व्यवहार चालू करून घ्या, आणि माणशी एक कार्ड हवं हे विसरू नका. एका कार्डावर दोघांना आत जाता येत नाही. कार्ड नसेल तर एमआरटीचं काळं टोकन मिळतं, कॅरमच्या सोंगटीसारखं. आत जाताना ते दाराला टेकवायचं, बाहेर पडताना फटीत टाकायचं. टोकन हरवलं तर दंड, म्हणून ते एकाच खिशात ठेवण्याची सवय करा. दोन्हीकडे भाडं साधारण १७ बाटांपासून सुरू होतं आणि अंतराप्रमाणे वाढतं. एक बाट म्हणजे साधारण अडीच ते तीन रुपये.

सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते सात या वेळांत डबे भरलेले असतात, पण दादर-ठाण्याला लोकलमध्ये चढलेल्या माणसाला त्याची भीती वाटू नये. फलाटावर रंगवलेल्या बाणांप्रमाणे लोक रांगेत उभे राहतात, उतरणाऱ्यांना मधून जाऊ देतात आणि मगच चढतात. आपणही तसंच करायचं. सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला स्टेशनवर राष्ट्रगीत लागतं आणि सगळी गर्दी आहे तिथे थबकते. धावत जिना उतरणारा मुलगासुद्धा. त्या वेळी आपणही उभं राहावं. ते फार सुंदर दृश्य असतं.

आता पाणी, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण बँकॉक खरं दिसतं ते पाण्यावरून.

चाओ फ्राया नदीवर एक्स्प्रेस बोटी धावतात. स्कायट्रेनचं सफान ताक्सिन स्टेशन आणि साथोनचा घाट अगदी शेजारी आहेत. जिना उतरलात की धक्का. बोटीच्या मागच्या टोकाला झेंडा असतो, आणि बोट कुठे थांबणार ते झेंड्याच्या रंगावर ठरतं. पर्यटकाने केशरी झेंडा लक्षात ठेवावा. ती दिवसभर असते, महत्त्वाच्या बहुतेक घाटांना थांबते आणि कुठेही उतरा, भाडं एकच, साधारण १६ बाट. निळ्या झेंड्याची खास पर्यटकांची बोट आहे, ती महाग. धक्क्यावर शिरताना लोक तुम्हाला तिच्याच खिडकीकडे वळवतात. तिच्यात वाईट काही नाही, पण जागा मोकळी मिळावी एवढाच हेतू नसेल तर केशरी बोटीची वाट पाहा.

घाटाला 'था' म्हणतात. था चांग म्हणजे हत्तीघाट, राजाचे हत्ती तिथे पाण्यावर यायचे. राजवाड्याला तो घाट जवळचा. था तियेनला उतरलात की वाट फो, आणि तिथूनच पलीकडच्या वाट अरुणला छोटी होडी काही बाटांत नेऊन सोडते.

बोट धक्क्याला लागते तेव्हा मागच्या फळीवर उभा असलेला माणूस शिट्टी वाजवत असतो. आधी मला वाटलं, तो लोकांना हटवतोय. मग लक्षात आलं की चालक पुढे बसलेला, त्याला बोटीची मागची बाजू दिसत नाही. लांब शिट्टी, तुटक शिट्ट्या, भराभर शिट्ट्या, यांवरून तो बोट किती वळवायची, किती मागे घ्यायची ते ठरवतो. बोट पुरती बांधलेलीही नसते, दोर हातानेच धरलेला असतो, आणि तेवढ्यात वीस माणसं उतरतात, वीस चढतात. वयस्कर माणूस सोबत असेल तर उतरण्याआधीच्या घाटापासून मागे येऊन उभं राहावं. आत तिकीटवाली बाई पत्र्याची लांबट नळी हातात खुळखुळवत येते. नळीत चिल्लर आणि तिकिटांच्या गुंडाळ्या. शंभराची नोट दिलीत तरी ती सुटे देते, पण वीस-वीसच्या नोटा असल्या तर तिचेही श्रम वाचतात. बोटीत मागे भिक्षूंसाठी राखीव जागा असते. ती सोडून उभं राहावं, आणि बायकांनी भिक्षूंना धक्का लागणार नाही एवढं अंतर ठेवावं, हा तिथला रिवाज.

दुसरी बोट सेन सेप कालव्यातली. हा कालवा तिसऱ्या राम राजाच्या काळात, १८३७ ते १८४० च्या दरम्यान खणला गेला आणि आजही शहराच्या मध्यभागातून पूर्वेकडे सरळ रेषेत जातो, नेमका जिथे रस्ते सर्वांत जास्त तुंबतात तिथून. प्रातुनाम या नावाचा अर्थच 'पाण्याचं दार'. आमच्या हॉटेलपासून चालत सात मिनिटांवर हा धक्का होता, आणि आम्ही पहिल्या दिवशी टॅक्सी केली! पश्चिमेला हा मार्ग जुन्या शहराकडे, सोनेरी डोंगराच्या मंदिराच्या दिशेने, जातो. पूर्वेला असोकच्या धक्क्यावरून एमआरटीचं फेचाबुरी स्टेशन जवळ आहे. प्रातुनामला बोट बदलावी लागते.

या बोटीत पर्यटक कमी, कचेरीला जाणारे आणि शाळेची मुलं जास्त. काठावर बसलेल्या माणसाच्या हाताशी एक दोरी असते. समोरून दुसरी बोट आली की ती ओढायची, म्हणजे प्लॅस्टिकचा पडदा वर येतो आणि पाणी अंगावर उडत नाही. पाणी काळं आहे, म्हणून दोरीशी बसलात तर ते काम तुमचं. तिकीटवाले हेल्मेट घालून बोटीच्या बाहेरच्या कडेवरून चालतात, आणि पूल आला की वाकतात. बुटक्या पुलाखाली बोटीचं छप्परही खाली येतं. जिन्यांची अडचण असणाऱ्यांना मी ही बोट सुचवणार नाही, कारण चढण्यासाठी कठड्यावर पाय टाकून आत उतरावं लागतं. बाकी कुणीही एकदा तरी बसावंच. दोन्ही बोटी रात्रीच्या नाहीत. नदीवरची नेहमीची सेवा संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास आटोपते, म्हणून परतीचा बेत गाडीने ठेवा.

मग उरतो शेवटचा टप्पा, स्टेशनपासून सोईच्या आत. इथे पत्त्याचं गणित समजायला हवं. मोठ्या रस्त्याच्या एका बाजूला विषम क्रमांकाच्या सोई, दुसऱ्या बाजूला सम. पण दोन्ही बाजूंचे क्रमांक सोबत चालत नाहीत, कारण एका बाजूला गल्ल्या जास्त निघाल्या, दुसऱ्या बाजूला कमी. सुखुमवित रस्त्यावर थोंग लोची सोई ५५, आणि तिच्या समोर आहे सोई ३८. म्हणजे '५४ शोधतोय, ५५ दिसली, आता समोर असेल' हा हिशोब इथे पार चुकतो. हॉटेल ठरवतानाच सोईचा क्रमांक आणि सोईच्या तोंडापासून आत किती मीटर ते बघा. स्टेशनपासून दोनशे मीटर असं लिहिलेलं असतं आणि ते अंतर कित्येकदा सोईच्या तोंडापर्यंतचं निघतं. आत अजून सातशे मीटर, उन्हात, बॅगा ओढत. माझं मत विचाराल तर बँकॉकमध्ये थोडी लहान खोली चालेल, पण स्टेशन चालत पाच-सात मिनिटांवर हवं.

सोईच्या तोंडाशी केशरी जाकिटातले मोटारसायकलवाले रांगेत बसलेले दिसतात. त्यांच्या स्टँडला 'विन' म्हणतात. जाकिटावर क्रमांक असतो आणि बऱ्याच ठिकाणी भाड्याचा फलकही. सोईतल्या सोईत जाण्यासाठी हीच खरी सोय. (शब्दाचा योगायोग आहे, पण मला तो लक्षात ठेवायला उपयोगी पडला.) हेल्मेट मागून घ्या आणि गुडघे आत ठेवा, कारण ते दोन गाड्यांच्या मधल्या फटीतून जातात. मोठ्या रस्त्यावरून लांब जायला मी कधीच मोटारसायकल केली नाही, करूही नये.

टॅक्सी वाईट नाही. मीटर ३५ बाटांपासून सुरू होतो, गाडी थंडगार असते, आणि चौघं असाल तर रात्री दहानंतर तीच स्वस्त पडते. काचेमागे लाल अक्षरं पेटलेली असली म्हणजे गाडी रिकामी. बसण्याआधी 'मीटर' म्हणायचं. नाही म्हणाला तर हसून दार लावायचं आणि दुसरी थांबवायची. वाद घालू नये, आवाज तर मुळीच चढवू नये. वरच्या द्रुतगती मार्गाचा टोल प्रवाशाने द्यायचा असतो, ती फसवणूक नव्हे. ग्रॅब किंवा बोल्ट ॲपवर भाडं आधीच कळतं, पण रस्ता तोच असतो, हे लक्षात असू द्या.

टुकटुकला मीटर नसतो. हौसेखातर एक फेरी करा, भाव आधी ठरवा. राजवाड्याच्या भिंतीबाहेर मात्र सावध राहा. नीटनेटके कपडे घातलेला एक गृहस्थ आम्हाला फार अदबीने म्हणाला, आज समारंभ आहे, राजवाडा दुपारी उघडेल, तोवर हा टुकटुकवाला वीस बाटांत तीन मंदिरं दाखवेल. ही जुनी युक्ती आहे. फेरी शेवटी रत्नांच्या किंवा शिंप्याच्या दुकानात संपते. राजवाडा सहसा रोज सकाळी साडेआठला उघडतो. कुणी काहीही सांगितलं तरी दारापर्यंत स्वतः चालत जाऊन बघा. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, म्हणजे दारावरून परत फिरावं लागणार नाही.

आपल्याला इथे एक देणगी मिळालेली आहे आणि तीच कधी कधी आडवी येते. ती म्हणजे नावं. राचाथेवी स्टेशन म्हणजे राजदेवी, लुम्फिनी म्हणजे लुंबिनी, थोनबुरी म्हणजे धनपुरी, महानखोन म्हणजे महानगर. पाटी वाचताना मराठी माणसाला घरच्यासारखं वाटतं. पण लिहिणं संस्कृताचं आणि बोलणं थाईचं. शब्दाचा शेवट ते गिळतात, 'व' आणि 'भ' आपल्यासारखा उच्चारत नाहीत. म्हणून नाव नुसतं बोलू नका, फोनवर थाई लिपीतला पत्ता दाखवा. हॉटेलच्या काउंटरवर त्यांच्या लिपीतलं कार्ड मिळतं, ते पहिल्या दिवशीच खिशात टाका.

विमानतळही दोन आहेत, तेव्हा तिकिटावर नाव नीट वाचा. मोठा सुवर्णभूमी, २००६ पासूनचा. तिथून तळघरातली रेल्वे फाया थायपर्यंत सुमारे अर्ध्या तासात आणते, जास्तीत जास्त ४५ बाटांत. फाया थायला स्कायट्रेन मिळते, त्याआधी मक्कासानला एमआरटी. मोठ्या बॅगा किंवा लहान मुलं असतील तर तळमजल्यावर यंत्रातून चिठ्ठी घेऊन टॅक्सीच करा. मीटरवर ५० बाट जास्त द्यावे लागतात, ते ठरलेलेच आहेत. दुसरा विमानतळ डॉन मुएंग, स्वस्त विमानांचा. तिथून २०२१ मध्ये सुरू झालेली लाल मार्गिका क्रुंग थेप अफिवत या मोठ्या स्टेशनाला जाते आणि तिथे एमआरटी जोडलेली आहे.

परतीच्या दिवशी संध्याकाळचं विमान असेल तर चारच्या आधी निघा किंवा सरळ रेल्वे धरा. आणि टॅक्सीतच बसलात तर ड्रायव्हरला 'सुवर्णभूमी' म्हणू नका, तो गोंधळात पडतो. 'सुवन्नाफूम' म्हणा. आईने ते शेवटच्या दिवशी इतकं स्वच्छ म्हटलं की ड्रायव्हर मागे वळून तिच्याशी थाईमध्ये बोलू लागला, आणि विमानतळ येईपर्यंत दोघं आपापल्या भाषेत बोलत राहिले.